पाण्याचा रकाना

(मंडळाच्या व्याख्यानसंध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पर्थमध्ये उभं राहून लोहखनिजावर बोलायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्यावर भाषण ठोकण्यासारखं आहे! समोर बसलेल्यांत जिऑलॉजिस्ट आहेत, दोन आठवडे साइटवर आणि एक आठवडा घरी असं आयुष्य काढणारे आहेत. मी साधा कम्प्युटर इंजिनियर. हातात कधी फावडं धरलं नाही, पण माझं पोट त्याच लाल मातीवर चालतं. तेव्हा चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

माझं काम सांगतो. खाण सुरू होण्याच्या आधी कंपन्या जमिनीत शेकडो भोकं पाडून नमुने काढतात. प्रत्येक भोकाचा, प्रत्येक मीटरचा हिशोब असतो. लोह किती टक्के, सिलिका किती, अॅल्युमिना किती, फॉस्फरस किती. हा सगळा डेटा एका ठिकाणी आणायचा, ही माझी नोकरी. एकदा रकाने तपासताना लक्षात आलं की यात पाण्याची पातळी कुठेच नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ते दुसऱ्या टीमकडे असतं." अगदी साधं उत्तर. पण मला एकदम माझं आजोळ आठवलं.

माझं आजोळ गोव्यात, डिचोली तालुक्यात. परसात जांभ्याने बांधलेली विहीर. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत जायचो, तेव्हा ऐन उन्हाळ्यातही कळशी खळखळ भरायची. मी इंजिनियरिंगला असताना एकदा गेलो, तर विहिरीत कोरडी माती आणि अंगणात निळी पिंपं! पाणी टँकरने यायचं. टँकर पाठवायची शेजारची खाण, आणि आजी त्यांचे आभार मानायची!

असं का झालं, ते मला फार नंतर कळलं. गोव्याच्या खाणपट्ट्यात वर जांभा आणि त्याखाली भुसभुशीत लोहखनिज असतं. पावसाचं मुरलेलं पाणी याच थरात साठतं. म्हणजे जे खनिज, तीच गावाची पाण्याची टाकी. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की खड्डा कोरडा ठेवायला पंप लावावे लागतात, आणि ते आजूबाजूच्या विहिरींचंही पाणी ओढतात. शिरगावात तर खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. शिवाय एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डोंगर रचले जातात आणि पावसाळ्यात ती माती भातशेतीत उतरते.

मग लोकांनी विरोध का केला नाही? काहींनी केला, कोर्टात गेले. पण माझ्या मामाने काय केलं? त्याने कर्ज काढून ट्रक घेतला! चीनची मागणी वाढली होती, हलक्या प्रतीच्या मातीलाही गिऱ्हाईक होतं. 2010-11 या वर्षात गोव्यातल्या बंदरांतून 5 कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. ज्या खाणीने विहीर आटवली, तिचीच माती मामाचा ट्रक वाहत होता. त्याला नावं ठेवू नका, घरात दोन मुलं शिकत होती.

2012 च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक अंगणात उभा राहिला. बँकेचे हप्ते मात्र काही उभे राहिले नाहीत! पुढे दोन पावसाळ्यांनी विहिरीत पाणी दिसू लागलं. मी फोनवर आनंदाने विचारलं, तर मामा म्हणाला, "अरे, आधी हप्ता भरायला पैसे होते, पाणी नव्हतं. आता पाणी आहे, पण बँक पाण्यात हप्ता घेत नाही."

मंडळी, समतोल समतोल म्हणतात तो हाच. एकदा पाणी आणि एकदा पोट, अशी पाळी लावणं हा समतोल नव्हे.

21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, गोव्यातलं उत्खनन तूर्त वर्षाला 2 कोटी टनांच्या आत ठेवायचं. दुसरी, खनिजाच्या विक्रीतले 10 टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायचे. कारण खनिज म्हणजे पगार नव्हे, ती ठेव आहे. आजीच्या पाटल्या मोडून दिवाळीचा फराळ केला, तर फराळ छान होतो. पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पुढे 2018 मध्ये लिलावाशिवाय केलेली 88 लीजची नूतनीकरणं न्यायालयाने रद्द केली, काम पुन्हा थांबलं, आणि 2022 च्या डिसेंबरपासून लिलाव सुरू झाले. या सगळ्या वर्षांत मामासारख्यांनी काय करायचं, याचा रकाना मात्र कुणाच्याच कागदात नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी सगळं आलबेल आहे का? नाही. 24 मे 2020 ला पिलबरात जूकन गॉर्जमधल्या दोन प्राचीन गुहा सुरुंगाने उडवल्या गेल्या. तिथे 46,000 वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या. आणि हे झालं रीतसर सरकारी परवानगी घेऊन! परवानगी मिळाली म्हणजे हिशोब पूर्ण झाला असं नाही.

पण इथून शिकण्यासारखंही आहे. पिलबरातल्या काही खाणी उपसलेलं पाणी पुन्हा जमिनीत भरतात. 2012 च्या कायद्याने इथे खाण-पुनर्वसन निधी आला. जमीन पूर्ववत करायला जो अंदाजे खर्च येईल, त्याच्या 1 टक्का रक्कम खाणवाल्याने दरवर्षी भरायची. सरकारशी स्वतंत्र करार असलेल्या बऱ्याच मोठ्या खाणी यातून बाहेर आहेत, हेही खरं. तरीपण निस्तरण्याचा खर्च सुरुवातीलाच मोजायचा, ही सवय चांगली.

खाणीच नकोत, असं मी म्हणणार नाही. पवनचक्कीला पोलाद लागतं, बॅटरीला लिथियम लागतं. माझं म्हणणं एवढंच, की नमुन्याचं भोक पाडतानाच जवळच्या विहिरींची पातळी लिहून ठेवा, ती गावाला दाखवा, आणि खाण बंद झाल्यावर माणसांचं काय, याचे पैसे खाण चालू असतानाच बाजूला काढा. आम्ही कम्प्युटरवाले चुकलो तर जुना बॅकअप टाकतो. जमिनीचा बॅकअप नसतो.

आमच्या डेटाबेसमध्ये पाण्याचा रकाना यायला सहा महिने लागले. पाच मीटिंगा झाल्या, थोडी चेष्टाही झाली. पण आला! तुमच्यापैकी जे या उद्योगात आहेत, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारून पाहावं, "पाण्याची पातळी कुठल्या रकान्यात आहे?"

मामाला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तू तीस वर्षं आधी जन्मायला हवा होतास."