औषधालयाच्या खिडकीमागचे काम

(वलगाव येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला. हाती खराटा घेऊन स्वच्छता शिकविणाऱ्या महापुरुषाच्या या भूमीत आरोग्याविषयी बोलताना योजनांचा पाढा वाचावा असे मला वाटत नाही. रुग्णालयाच्या एका दुर्लक्षित कोपऱ्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढाच हेतू आहे. तो कोपरा म्हणजे औषधालयाची खिडकी आणि तिच्यामागे उभा असलेला सहायक.

आपण त्याला अजूनही ‘कंपाउंडर’ म्हणतो. बाटलीत मिश्रण ओतून, तिला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून मात्रा दाखविण्याचा काळ गेला. शब्द मात्र राहिला. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम आहे. सहायकाने त्याच्या देखरेखीखाली हातभार लावावयाचा. आलेली खोकी मोजून घेणे, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख नोंदवहीत उतरविणे, ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे मांडणे, शीतपेटीचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणे, ही त्याची कामे होत. ऐकताना ती कारकुनी वाटतात. तशी ती नाहीत.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. औषध खरेदी, तपासणी आणि देखरेख यांतील ढिलाई त्यातून राज्यापुढे आली. हा इतिहास झाला असे कोणी म्हणू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले आणि ती दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. त्यानंतर आपल्या राज्यातही ‘कोल्ड्रिफ’ औषधाच्या एसआर-१३ या बॅचचा वापर थांबविण्याची सूचना निघाली. आता विचार करा. अशी सूचना येते तेव्हा फळीवर त्या बॅचच्या किती बाटल्या आहेत आणि किती कोणाच्या घरी गेल्या, हे कशावरून कळणार? सहायकाने त्या दिवशी कंटाळा न करता लिहिलेल्या एका ओळीवरून. विष ओळखणे त्याच्या हाती नाही, त्याचा माग ठेवणे आहे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण १२ बालकांच्या तोंडात गेले. सुदैवाने मुले बचावली. द्रावण आणि लस एका टेबलावर, एकाच हाताच्या अंतरावर नसती तर हा प्रसंग ओढवला नसता. औषधालयातही तेच. ॲट्रोपिन आणि ॲड्रेनॅलिन यांच्या काचेच्या लहान कुप्या पुष्कळदा सारख्याच दिसतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, हे वऱ्हाड विसरलेले नाही. फवारणीच्या दिवसांत असा रुग्ण आला की काही कीटकनाशकांवर ॲट्रोपिन तातडीने लागते. घाईत, अंधुक दिव्याखाली, एकाच डब्यातून कुपी काढण्याची वेळ कोणावर येऊ नये. डबे निराळे, नावे ठळक आणि प्रकाश भरपूर असावा. साप चावण्यावरील लसीचेही असेच. पूड स्वरूपातील लस शीतपेटीबाहेर टिकते, द्रवरूप लसीला मात्र २ ते ८ अंश तापमान लागते. कोणती आली आहे हे वेष्टन वाचल्याशिवाय कळत नाही. आणि आपल्या अकोला-अमरावतीचा मे महिना! पारा ४५ अंशांच्या घरात असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या औषधांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते, हे वाचून हसावे की रडावे?

आता त्या माणसाच्या जिवाविषयी. फुटलेल्या कुपीची काच आणि उघडी सुई हे त्याचे रोजचे धोके. सुई टोचली तर जखम पिळू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवून तत्काळ वैद्यकीय अधिकाऱ्यास सांगावे, कारण एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि शक्य तो दोन तासांतच, सुरू व्हावे लागते. कावीळ-बी ची लस त्याने आधीच घेतलेली असावी. ब्लीचिंगचे द्रावण आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाले की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुफ्फुसे जाळतो. स्पिरिटचे कॅन विजेच्या जुन्या वायरीखाली ठेवण्याची सवय तर सर्रास दिसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बालके गेली. त्या आगीचे ठिकाण निराळे होते, पण आग कोणत्या खोलीपासून सुरू होईल हे आधी कोण सांगणार?

शिक्षकांना एक विनंती. मुदत संपलेली औषधे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात जाव्या लागतात. केंद्रामागच्या खड्ड्यात टाकलेल्या रंगीत कुप्या मुलांना खेळणे वाटतात. शाळेत अशी कुपी दिसली तर ती कुठून आली, याचा शोध घ्यावा.

पंचायत सदस्यांना थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ‘भाऊ, दोन गोळ्या दे ना, चिठ्ठी कायले पाह्यजे?’ असे खिडकीपाशी म्हणणारे बहुधा आपल्यापैकीच वजनदार लोक असतात. सहायक नाही म्हणू शकत नाही. त्याची नोकरी आणि गावातले राहणे दोन्ही आपल्या हाती असल्यासारखे त्याला वाटते. त्याला नाही म्हणता यावे, एवढे अभय आपण द्यावे. आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटीचा विषय निघाला की औषधालयात तापमापक आहे का, खिडकीला जाळी व पंखा आहे का, सलाईनची जड खोकी ठेवायला जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाट आहेत का, आणि अग्निशामक सिलिंडर शेवटचा कधी भरला, हे विचारावे. उत्तर देण्यासाठी सहायकालाच बोलवावे, आणि बसायला खुर्ची द्यावी.