रांजणखळग्यांची सहल



आपल्या बिबवेवाडीच्या वर्गाने सहल काढायची ठरवली आहे. जायचे आहे निघोजला, कुकडी नदीवर. लग्नाला, जत्रेला आपण जातोच. पण काही पाहावे, समजून घ्यावे म्हणून आपल्यातले पुष्कळ जण पहिल्यांदाच घराबाहेर पडणार. म्हणून आज दोन शब्द सांगतो.

कुकडी नाणेघाटाजवळ उगम पावते आणि जुन्नरवरून पूर्वेला येते. पुढे तिच्या एका काठाला शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, तर दुसऱ्या काठाला पारनेर तालुक्यातले निघोज. मुलूख कोरडा. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. इकडे पाऊस थोडा. इथे नदीने काळा पाषाण कोरून घळ केली आहे. पात्रात रांजणासारखे गोल, खोल खळगे आहेत. म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे.

हे खळगे कोणी खोदले? पाण्याने आणि गोट्यांनी. पुरात गोटा वाहत येतो, खाचेत अडकतो. भोवऱ्याबरोबर तो गरगर फिरतो. जात्यात दाणा भरडावा, तसा तो खडकाला झिजवतो. असे हजारो वर्षे चालले आहे. अमेरिकेत वाळवंटी मुलखात कोलोरॅडो नदीने अशीच खडक झिजवून सुमारे ४४६ किलोमीटर लांबीची दरी केली. ती पाहायला साऱ्या जगातून माणसे जातात. आपली कुकडी तर घराजवळ आहे!

आता तयारीचे पाहू. पावसाळ्यात जायचे नाही. पुरात खळगे पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात दगड तापतो. हिवाळा बरा. नगर रस्त्याने शिरूर, तिथून निघोज. जायचा पल्ला नव्वद किलोमीटरच्या आसपास. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतः मांडावा. भाकरी, पाणी आणि डोक्याला फडके बरोबर घ्यावे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. खळग्यातले पाणी शांत दिसते, पण तळ दिसत नाही. कडा गुळगुळीत असतात. आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही तिथे काही चालत नाही. शिवाय नदीवर माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. वरून पाणी सोडले, तर लख्ख उन्हातही पात्र भरते. म्हणून पाण्यात उतरायचे नाही. फोटोसाठी कडेला उभे राहायचे नाही. पोरांचा हात सोडायचा नाही.

धोक्याच्या जागी पाटी दिसली, तर ती मोठ्याने वाचा. शेजारच्यालाही ऐकवा. काल जी अक्षरे नुसत्या रेघोट्या वाटत होती, तीच आज जीव वाचवतील. शिकल्याचा याहून मोठा उपयोग कोणता?

परत आल्यावर प्रत्येकाने पाहिलेले चार ओळीत लिहून आणावे. चला तर, नावे नोंदवा. आणि हो, आपले नाव आपल्याच हाताने लिहा.