ओवीतली मोटार आणि गोष्टीतली आर्ची

(शिर्डी येथे बचत गटांच्या आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. ज्या मुलीबद्दल बोलले आहे तिची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिची परवानगी घेतली आहे.)

आपलं शिबिर शिर्डीत भरलंय, म्हणून सुरुवात इथल्याच एका गोष्टीनं करते. तुमच्यातल्या बऱ्याचजणी सकाळी द्वारकामाईत जाऊन आल्या. तिथं जातं ठेवलेलं आहे. साईसच्चरिताचा पहिलाच अध्याय दळणाचा आहे. १९१० च्या सुमाराला दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, शिर्डीला आले, तेव्हा बाबा जात्यावर गहू दळत बसलेले त्यांनी पाहिले. पुरुषमाणूस, तोही फकीर, दळतोय हे ऐकून गाव लोटला. त्यातल्या चौघीजणी पुढं घुसल्या. त्यांनी खुंटा बाबांच्या हातातून घेतला आणि दळता दळता गाऊ लागल्या. दळण झाल्यावर बाबांना घर ना दार, पीठ आपल्यालाच मिळणार, असं समजून त्यांनी पिठाचे चार वाटेही केले! बाबा रागावले आणि ते पीठ शिवेवर नेऊन टाकायला सांगितलं. गावात तेव्हा पटकीची साथ होती.

श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्याकडे. मला त्या चौघींचं कुतूहल आहे. अध्यायात त्यांची नावं नाहीत. त्या बाबांच्या लीला गात होत्या एवढं कळतं, पण शब्द आपल्यापर्यंत आले नाहीत. गावातला डोळ्यांसमोरचा माणूस त्यांनी जुन्या ओवीत बसवला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बाया जात्यावर हेच करत आल्या होत्या. आजचं माझं बोलणं ह्या बसवण्याबद्दल, आणि त्यात दडवलेल्या खुणांबद्दल आहे.

आयोजकांनी मला विषय दिला 'तरुण मुली फोनवर काय लिहितात'. त्यातल्या एका प्रकाराला 'फॅन फिक्शन' म्हणतात. एखादी गोष्ट, सिनेमा किंवा मालिका मनात भरते, पण ती संपते तशी पटत नाही. मग त्यातलीच पात्रं घेऊन वाचक आपली गोष्ट लिहितो. हॅरी पॉटरची जादूची शाळा घ्यायची आणि तिथं आपल्या तालुक्यातली मुलगी दाखल करायची. 'बाहुबली'तली माहिष्मती घ्यायची आणि देवसेनेला वेगळ्या वाटेनं न्यायचं. हे चाळे आजचे नाहीत. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ह्या मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली 'स्पॉकानेलिया' नावाचं नियतकालिक काढलं. असं लिहिणाऱ्यांत सुरुवातीपासून बायका मोठ्या संख्येनं होत्या. चाहत्यांनी स्वतः उभारलेला एक मोठा संग्रह २००९ पासून चालू आहे, आणि त्याला २०१९ साली ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांमधला मानाचा पुरस्कारही मिळाला.

ह्या गोष्टींत एक गंमत असते. लिहिणारी मधेमधे दुसऱ्याच सिनेमाची, गाण्याची, नट-नटीची खूण लपवून ठेवते. राजवाड्यातल्या दासीच्या तोंडी मालिकेतल्या सासूची लकब येते. राक्षसाच्या अंगावर एखाद्या खलनायकाचं जाकीट असतं. ज्याला खूण पटली तो हसतो आणि मनात म्हणतो, ही आपल्यातली आहे. ज्याला पटत नाही त्याला काहीच अडत नाही, तो गोष्ट वाचून पुढं जातो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, ह्याच्याशी आपलं काय नातं? आपल्याकडं प्रश्न आहेत हुंड्याचे, दारूचे, रेशनचे. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. म्हणून आधी आपल्याच आज्यांकडं वळते.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्या दोघांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज तो ठेवा 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतो. त्यात सीतेच्या ओव्या आहेत. ती सीता पोथीतली नाही. तिला सासुरवास आहे आणि कैकयी तिची खाष्ट सासू आहे. रानात ती एकटी बाळंत होते, तिथं सुईण नाही, शेकायला विस्तव नाही. ही दुरुस्ती कुणी केली? ज्या बाया स्वतः सासुरवासात होत्या त्यांनी. सासूचं नाव घेऊन बोलायची सोय नव्हती, कैकयीचं नाव घेऊन होती. शेजारची सासू उंबऱ्यात बसून ऐकत असली तरी तिला आक्षेप घेता येत नव्हता, कारण देवाचंच नाव चाललेलं. पण शेजारच्या जात्यावरच्या सुनेला नेमकं कळत होतं.

त्याच ओव्यांत मोटार येते, आगगाडी येते, बाबासाहेब येतात. तेव्हाच्या जगात जे नवं, चमकदार, सगळ्यांच्या तोंडी होतं ते बायांनी जुन्या छंदात घेतलं. आता भजनी मंडळात आपण काय करतो? शिर्डीचंच बघा. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला, त्यात साईबाबांची कव्वाली होती. त्याच वर्षी 'शिर्डी के साईबाबा' हाही सिनेमा आला. सिनेमाच्या चालीवर भजन म्हणणं आपल्याला आता वेगळं वाटतसुद्धा नाही. आणि उखाणा! नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही म्हणून ते यमकात दडवायचं, ही तर आपल्याला लग्नाच्या मांडवातच मिळणारी तालीम आहे. अलीकडच्या उखाण्यांत क्रिकेटवाले येतात, मालिका येतात, मोबाइलचं रिचार्जही येतं. लपवून बोलण्याचा सराव बायांना पिढ्यान् पिढ्या आहे. तो हौसेनं झालेला नाही, उघड बोलायची मुभा नव्हती म्हणून झाला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. तिथले लोक सांगतात, लवकुशांसाठी सीतेनं गावात मूठभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, म्हणून तिनं शाप दिला आणि तिथं गहू पिकेना. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ह्या देवळाचा जीर्णोद्धार केला. नवऱ्यानं टाकलेली, कडेवर लेकरं असलेली बाई दारात येते आणि गाव तोंड फिरवतं, ही रामायणातली हकिकत आहे की आपल्या शेजारची? आपल्या शेजारी संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली आणि टाकलेल्या बाया उघडपणे बोलल्या. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई सीतेच्या नावाखाली गोष्टीत बोलतच होती. ताराबाई भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. आपण कार्यकर्त्या मात्र ते 'लोकसाहित्य' म्हणून कपाटात ठेवून देतो.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

इथून जवळच्या एका गावात आम्ही किशोरवयीन मुलींचा गट चालवतो. शनिवारी दुपारी वाचन असतं. एक मुलगी, सतरा वर्षांची, अकरावीतली, फोनवर गोष्ट लिहायची आणि गटात वाचून दाखवायची. गोष्ट देवसेनेची. 'बाहुबली' तुम्ही पाहिला असेल, देवसेना साखळदंडात असते आणि मुलगा येऊन सोडवेपर्यंत वर्षानुवर्षं चौकात बसून असते. हिच्या गोष्टीतली देवसेना वाट बघत नाही. ती साखळी तोडून एका लोखंडी हत्तीवर बसते आणि माहिष्मतीच्या वेशीबाहेर जाते. तो हत्ती धूर सोडतो, नांगरटही करतो! मुली खिदळायच्या. मला वाटायचं, वर्णनाला हसतायत.

मी तिला काय म्हटलं ते आठवलं की आजही लाज वाटते. मी म्हटलं, "छान आहे, पण हे राजवाडे-बिजवाडे कशाला? आपल्या आयुष्यातलं काहीतरी लिही ना." एमएसडब्ल्यूला शिकवलं होतं, बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून ऐका. मी उभी होते माझ्याच जागी.

पुढच्या शनिवारी तिनं शेवटचा भाग वाचला. देवसेना दूर देशी सुखानं राहतेय. एक दिवस माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात. उंबऱ्यावर लहान बाळाची पावलं उमटलेली आहेत, लाल रंगाची. देवसेना ती पावलं बघते आणि दार उघडत नाही. गोष्ट तिथंच संपली. एरवी गलका करणाऱ्या मुली एकदम गप्प झाल्या.

मला कळेना. मग तिची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही 'सैराट' नाही का बघितला?"

बघितला होता. २०१६ साली सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, म्हणजे तो लोखंडी हत्ती. माहेरचा आहेर आणि शेवटी ते बाळ, त्याची ती रक्ताची पावलं. मुलींना सगळं पहिल्या दिवसापासून कळत होतं. खोलीत एकटी मीच अशी होते जिला खूण पटली नव्हती.

मी तिला विचारलं, "दार का नाही उघडलं तिनं?"

ती म्हणाली, "उघडलं की सिनेमाच होतो, ताई."

मग दोन-तीन आठवड्यांनी, बांधावर चालताना, तिनं बाकीचं सांगितलं. घरात स्थळ बघणं चालू होतं, सुट्टीत उरकायचा बेत होता. तिला शिकायचं होतं. आणि तिला एक मुलगा आवडत होता, दुसऱ्या जातीचा. हे घरी कळलं तर काय होईल ह्याची भीती तिला सिनेमातून आलेली नव्हती. आपल्या ह्याच जिल्ह्यात सोनईला २०१३ साली तीन तरुण मारले गेले, खर्ड्याला २०१४ साली एक शाळकरी पोरगा मारला गेला. आपल्या मुली ह्या गावांची नावं ऐकत मोठ्या झाल्यात. सिनेमानं त्या भीतीला एक चित्र दिलं, आणि हिनं ते चित्र माहिष्मतीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

आम्ही काय केलं? धावत तिच्या घरी गेलो नाही. आधी तिला विचारलं, काय केलेलं तुला चालेल. तिच्या आत्याशी बोललो, कारण घरात आत्याचा शब्द चालतो. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांची आहे, हे आत्याच्याच तोंडून घरात जाऊ दिलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिच्या मैत्रिणींच्या फोनमध्ये घातला. आंतरजातीय जोडप्यांना धोका असेल तर जिल्ह्यात विशेष कक्ष असला पाहिजे असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिलेला आहे, तेही तिला सांगून ठेवलं. लग्न पुढं ढकललं गेलं. ती बारावी झाली. मुलाचं पुढं काय झालं ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. सगळं सुरळीत झालं असंही म्हणणार नाही. फोन काही महिने तिच्या भावाकडं होता. तेवढे दिवस ती वहीत लिहीत होती.

मैत्रिणींनो, ह्यावरून दोन-तीन गोष्टी मी शिकले, त्या तुमच्यापुढं ठेवते.

एक. मुली ज्या गोष्टी, मालिका, सिनेमे बघतात ते आपणही बघायला हवेत. तुच्छतेनं नाही, त्यांच्याबरोबर बसून. आपल्याला खुणा कळल्या नाहीत तर आपण त्या उंबऱ्यातल्या सासूसारख्या, ऐकून न ऐकलेल्या.

दोन. 'खरं लिही, स्वतःचं लिही' असा आग्रह घाईनं धरू नये. स्वतःचं लिहिलं आणि ते भावाच्या हाती लागलं तर मार कुणाला बसणार आहे? देवसेनेच्या नावावर लिहिलं की ती म्हणू शकते, अहो, सिनेमाची गोष्ट आहे. जुन्या सुनेला कैकयीनं जी आड दिली तीच हिला माहिष्मतीनं दिली. ती आड आपण काढून घेऊ नये.

तीन, आणि हे महत्त्वाचं. आता उद्यापासून प्रत्येक मुलीची वही तपासून त्यात हाका शोधत बसू नका! फोन तपासणारे घरात पुष्कळ आहेत. दहातल्या नऊ खुणा नुसत्या मजेच्या असतील. एखादीनं राक्षसाला गणिताच्या मास्तरांचा चष्मा दिला असेल, तर तेवढंच आहे, हसा. बायांनी दळताना फक्त दुःखच गायलं असंही नाही, थट्टाही पुष्कळ केली. मजा करण्याचा हक्क मागावा लागू नये. आपण फक्त ऐकायला बसायचं, आणि ती खुणेवरून उघड बोलण्यापर्यंत येईल तेव्हा तिथं असायचं.

त्या चौघींनी इथं काय गायलं ते कुणी टिपून ठेवलं नाही. आपल्या गटांत मात्र तसं करता येईल. म्हणून एक सुचवते. गावी गेल्यावर पुढच्या बैठकीत एका आजीला ओवी म्हणायला सांगा आणि एका नातीला तिची गोष्ट वाचायला सांगा. दोघींनी एकमेकींना खुणा समजावून सांगायच्या. मधे आपण बोलायचं नाही. काय निघालं ते ह्याच अंकासाठी लिहून पाठवा, अर्थात दोघींना विचारून.

आता चहा आलाय. बाकीचं चहाबरोबर बोलू.