दोन ‘माद्या’ आणि सहा पिल्लं

दुकानदार म्हणाला होता, “दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त न्या.” महिन्याभरात बाल्कनीत सहा पिल्लं! मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नराला लगेच वेगळं केलं.

मग त्याची नसबंदी. पहिले डॉक्टर म्हणाले, उपाशी आणा. सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवलं तर पोटच बंद पडतं. डॉक्टर बदलला. ऑपरेशननंतरही चार-सहा आठवडे तो बाप होऊ शकतो, तेवढं थांबलो. तिचंही केलं, नाहीतर पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरची भीती.

आता पुन्हा ओळख, दोघांनाही नवख्या जागी. म्हणजे आमची बाथरूम, चटई टाकून, रोज दहा मिनिटं. आठवडाभर नुसते केस उडाले. काल तिनं डोकं खाली घातलं, त्यानं चाटलं.