ऐतिहासिक कादंबरीला न सापडलेला लेखक
(सणसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांची ‘आंट जूलिया अँड द स्क्रिप्टरायटर’ ही कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये १९७७ साली प्रसिद्ध झाली. लीमा शहरातील एका नभोवाणी केंद्रावर बोलिव्हियातून आलेला पेद्रो कामाचो नावाचा लेखक रोज अनेक मालिकांचे भाग एकटाच लिहीत असतो. अखेर श्रमाने त्याचे डोके फिरते. एका मालिकेत मेलेली माणसे दुसऱ्या मालिकेत जिवंत होऊन बोलू लागतात. याच कादंबरीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. कामाचो येण्यापूर्वी केंद्राचे मालक क्यूबाहून नाट्यसंहिता विकत घेत, आणि त्या वाचत बसायला कोणाला सवड नसल्यामुळे वजनावर घेत. भवानीनगरच्या काट्यावर उसाची वाहने वर्षानुवर्षे पाहिलेल्या या परिसराला त्या व्यवहाराचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. मात्र ऊस उत्पादकाने आपला सहकारी कारखाना उभारला, दरासाठी आंदोलने केली. शब्द पिकवणाऱ्याला तसे काहीच उभारता आले नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा प्रवाह मोठा आहे. १८७१ च्या ‘मोचनगड’पासून तो सुरू होतो आणि ‘स्वामी’, ‘पानिपत’ असा वाहत येतो. परंतु तो बहुतांशी गडाच्या पायथ्याशी आणि वाड्याच्या चौकात फिरतो. ‘अंताजीची बखर’सारखा अपवाद सोडला तर सामान्य माणूस तेथे मशालजी म्हणून येतो आणि मशाल विझली की जातो. पगारावर किंवा मानधनावर शब्द पुरवणारा मनुष्य, ज्याचे वाक्य एका संध्याकाळी शेकडो गावांत ऐकले गेले, तो या कादंबरीचा नायक होऊ शकतो ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की रेडिओचा काळ हा अजून इतिहास झालेला नाही. वॉल्टर स्कॉट याने १८१४ साली ‘वेव्हर्ली’ लिहिली, तेव्हा साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट, असे उपशीर्षक तिला दिले. तो हिशेब धरला तर १९५६ साल केव्हाच इतिहासात जमा झाले आहे. शिवाय स्कॉटविषयी लिहिताना मार्क्सवादी समीक्षक जॉर्ज लुकाच याने जो मुद्दा मांडला, तो आपल्या कादंबरीकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. ऐतिहासिक कादंबरीचा नायक मध्यम वकुबाचा असावा, दोन झगडणाऱ्या शक्तींच्या मधोमध तो उभा असावा, आणि थोर पुरुष कडेला राहावेत, असे त्याचे प्रतिपादन होते. आपण नेमके उलटे केले.

आता १९५६ चे पुणे डोळ्यांसमोर आणावे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. १ एप्रिल १९५५ पासून तेथून ‘गीतरामायण’ प्रसारित होत होते. त्याच केंद्राच्या ग्रामीण विभागात गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर काम करीत होते. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावर एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. गावकऱ्यांनी सामुदायिक रेडिओभोवती जमावे, शेती, आरोग्य, गावकारभार यांवरील कार्यक्रम ऐकावा, मग चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावेत, अशी ती योजना होती. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे स्वतः हिंदीतील नामवंत नाटककार. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केले. हा ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ नाझींच्या दाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून आलेला होता. असा माणूस महाराष्ट्रातल्या खेड्यांतील चर्चेची मोजदाद करीत होता, ही घटनाच एका कादंबरीला पुरेशी आहे! १९५९ साली त्याचा अहवाल युनेस्कोने प्रसिद्ध केला. गावकऱ्यांच्या माहितीत किती भर पडली याची कोष्टके त्यात आहेत. संवाद लिहिणाऱ्याच्या मनात काय चालले होते ते कोष्टकात मावणारे नव्हते.

आणि त्याच्या मनात पुष्कळ चालले असले पाहिजे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला. ६ फेब्रुवारीला पुण्यातच संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले. त्याच महिन्यात, त्याच शहरात, सरकारी केंद्रातील लेखक सुधारित बियाण्यावर दोन शेतकऱ्यांचा संवाद लिहीत बसला होता. मार्चअखेर पहिली पंचवार्षिक योजना संपली, एप्रिलमध्ये दुसरी सुरू झाली. योजनेची भाषा गावच्या बोलीत आणण्याचे काम त्याचे होते, आणि गावाच्या मनात जे खदखदत होते ते बोलीत आणण्याची त्याला मुभा नव्हती. लुकाचला अभिप्रेत असलेला, दोन शक्तींच्या मधोमध उभा असलेला मनुष्य तो हाच. त्याला हुतात्मा करू नये, आणि सरकारचा भाट ठरवून मोकळेही होऊ नये. सरकारी नोकरीत राहून शेतकऱ्याला खरी उपयोगी माहिती देणे हेही त्या काळी मोलाचे काम होते.

तो विसरला का गेला? त्याचे लेखन कमी प्रतीचे होते म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि तपासून न पाहता दिलेले आहे. नभोवाणीच्या आरंभीच्या काळात नाटके थेट प्रक्षेपित होत. करवंट्यांच्या टापा वाजल्या, पात्रे बोलली आणि सारे हवेत विरले. पुढे टेप आली, पण ती महाग. एका कार्यक्रमावर दुसरा चढवला जाई. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, नोकरीत लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची. बाहेरच्या लेखकाला करारपत्रावर सही करून मानधन मिळे आणि बहुधा तेथेच संबंध संपे. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्याच्या लेखकाचे रॉयल्टीवरील हक्क अधिक बळकट केले. १९५६ च्या लेखकाला त्याचा काय उपयोग?

‘गीतरामायण’ टिकले याचे श्रेय त्याच्या गुणवत्तेला आहेच, पण ते पुस्तकरूपाने छापले गेले आणि सुधीर फडके ते वर्षानुवर्षे मैफलींतून गात राहिले, हेही विसरता येत नाही. मंटो १९४१–४२ मध्ये दिल्ली केंद्रावर असताना त्यांनी शंभरावर नाटके लिहिली. त्यांतील कित्येक आज वाचता येतात, कारण त्यांनी त्यांचे संग्रह काढले. तुकोबांची पालखी या सणसरला मुक्कामाला येते. अभंग कानावाटे टिकतो तो दरसाल, दररोज पुन्हा म्हटला जातो म्हणून. एकदाच ऐकवलेल्या श्रुतिकेला कितीही रसिक श्रोता लाभला तरी ती कंठात उतरत नाही.

याउलट एक विलक्षण उदाहरण आहे. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टअखेरीस सुरू झालेले हे केंद्र १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडले. राममनोहर लोहियांचा त्यात निकटचा सहभाग होता. त्या प्रक्षेपणांतील मजकूर आज अभ्यासकांना वाचता येतो तो कोणामुळे? ब्रिटिश सरकारच्या यंत्रणेने तो ऐकून टिपून ठेवला म्हणून! उषा ठक्कर यांचे २०२१ चे इंग्रजी पुस्तक अशा दप्तरावर उभे आहे. राजद्रोहाचे शब्द शत्रूने जपले आणि स्वतंत्र देशाच्या केंद्राने आपल्याच लेखकांचे कितीतरी शब्द पुसून त्या जागी दुसरे भरले.

म्हणून या विषयाला इतिहासग्रंथापेक्षा कादंबरी अधिक मानवेल. जेथे दप्तर नाही तेथे कल्पनेला काम आहे. परंतु कल्पनेनेही काही हिशेब पाळले पाहिजेत. नायकाला मानधन किती, ते केव्हा मिळाले, घरभाडे कसे भागले, अधिकाऱ्याने कोणते वाक्य खोडले, हे तिच्यात यावे. राजवाड्यातील झुंबरांचे वर्णन करणाऱ्या लेखण्यांना हे रूक्ष वाटेल. पेद्रो कामाचोचा कर्ता मात्र अशाच तपशिलांतून हसवतो आणि मग घाबरवतो.

आणि श्रोत्यांचे काय? १९५६ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हाचा पंचविशीतला तरुण नव्वदी ओलांडून गेला आहे. बारामती–इंदापूरच्या कालव्याकाठच्या गावांत अशी माणसे अजून भेटतात. चावडीपुढे रेडिओ कोणी लावायचा, बायका कोठे बसायच्या आणि बसायच्या की नाही, कोणत्या वस्तीतील माणसे दूर उभी राहून ऐकत, कोणत्या वाक्याला सगळे हसले आणि कोण उठून गेले, हे त्यांना विचारता येईल. घरातल्या ट्रंकेत करारपत्रे आणि पिवळ्या पडलेल्या संहिता असतील तर त्या रद्दीच्या काट्यावर जाण्यापूर्वी गावच्या वाचनालयाने मागून घ्याव्यात. या कामाला सरकारी अनुदान लागत नाही. एक कपाट आणि एक वही लागते.