गाडी बाईच्या नावावर, किल्ली कुणाच्या हातात?

आम्ही वारज्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्या वस्तीला खेटून मुंबई-बंगळूरु महामार्ग जातो. रात्रंदिवस गाड्यांचा आवाज कानात असतो. पण आज बोलायचंय ते आपल्या दारातल्या दुचाकीबद्दल.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना आली. लुना हलकी, वेळ पडली तर पायडल मारून नेता येणारी, म्हणून बायकांनीही ती हातात घेतली. आज गावोगावी दूध डेअरीला घालायला, भाजी बाजारात न्यायला, अडल्या वेळी दवाखाना गाठायला दुचाकीच लागते. गाडी आता चैन राहिलेली नाही.

पण ती घरात येते कशी? पुष्कळदा आपल्या गटाच्या कर्जातून. कर्ज बाईला मिळतं, हप्ता बाई भरते, म्हणून गाडीही बाईच्या नावावर. किल्ली मात्र मुलाच्या खिशात आणि कागद नवऱ्याच्या कपाटात. घरात आपण 'मालक' म्हणून कुणालाही हाक मारत असू, आरटीओच्या दप्तरी गाडीची मालक आपणच असतो. आणि कायदा मालकालाच विचारतो.

पहिली गोष्ट, पोरांची. आठवी-नववीतला मुलगा गाडी काढतो आणि आपण कौतुकाने बघतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसनही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पाच वर्षं सरली की तो संपतो आणि घरात कुणाच्या ध्यानात राहत नाही. अशा गाडीने कुणाला धडक दिली तर भरपाई मालकाच्या अंगावर येते, ती लाखांत जाऊ शकते. विमा असला, पण चालवणाऱ्याकडे लायसन नसलं, तरी विमा कंपनी दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते.

तिसरी गोष्ट, विकलेली गाडी. आमच्या गटातल्या एकीच्या नावावरची जुनी मोटारसायकल घरच्यांनी ओळखीत विकली. पैसे आले, गाडी गेली, नाव तेच राहिलं. वर्षभराने दंडाचे मेसेज तिच्याच फोनवर यायला लागले. तिला फिरून फिरून आरटीओत खेटे घालावे लागले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. नशीब, दंडावरच भागलं. अपघात झाला असता तर कोर्टाची पायरीही तिनेच चढली असती. गाडी विकली की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं धरू नका.

हे ऐकून 'नकोच ते नाव' असं म्हणू नका, बायांनो. घर, जमीन आपल्या नावावर असावी म्हणून आपण भांडतो, गाडीचंही तसंच. नाव ठेवा, पण त्याबरोबर किल्ली आणि माहितीही घ्या. चालवायला शिका. शिकाऊ लायसन मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसनसाठी अर्ज करता येतो. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण ते मिळायला मालकाकडे लायसन लागतं. म्हणजे हप्ते आपण भरायचे आणि लायसन नाही म्हणून ते संरक्षणही आपल्याला नाही, असं होऊन बसतं.

आमच्या गटाने एक नियम केलाय. गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईला आम्ही तीन प्रश्न विचारतो: चालवणार कोण, त्याचं लायसन आहे का, आणि विमा कधी संपतो? ती तारीख कर्जाच्या वहीत हप्त्याशेजारीच लिहितो. महिनाभर आधी बैठकीत आठवण करून देतो. हेल्मेटचे पैसे कर्जातच धरतो, चालवणाऱ्याचं एक आणि मागे बसणारीचं एक.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गाडीचं आरसी आणि विम्याचा कागद घेऊन या. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवा. कपाटाची किल्ली मागायला लाजू नका. नाव तुमचं आहे.