दार कोणासाठी उघडं?



अमेरिकेतल्या जुन्या कामगार संघटनांची गोष्ट सांगतो. 1869 साली फिलाडेल्फियात कपडा कापणाऱ्या कारागिरांनी ‘नाइट्स ऑफ लेबर’ काढली. पुढं तिच्यात कसबी, बिनकसबी, बाया, काळे असे सगळे आले. वकील, बँकवाले, दारूवाले बाहेर. 1886 ला सभासद सात लाखांच्या घरात गेले. पण चिनी मजुरांना दार बंदच. 1885 ला रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणीवर गोऱ्या खाणकामगारांनी निदान 28 चिनी मजूर मारले. कामगारानंच कामगार मारला!

1886 ला सॅम्युअल गॉम्पर्सचं फेडरेशन आलं. एकेका कसबाची वेगळी युनियन, वर्गणी जास्त, संपात भत्ता. ते टिकलं. पण बिनकसबी मजूर बहुतेक बाहेरच राहिले. अशा बाहेरच्यांनाच मालक संप मोडायला आणायचे.

1905 ला शिकागोत ‘आयडब्ल्यूडब्ल्यू’ निघाली. रंग, देश, बाई-पुरुष न बघता सगळ्यांना घेतलं. 1912 ला लॉरेन्सच्या कापडगिरण्यांचा संप जिंकला. पण नंतर तिथं सभासद टिकले नाहीत.

मला दोन गोष्टी कळल्या. ज्याला आपण बाहेर ठेवतो, त्यालाच समोरचा आपल्यावर घालतो. आणि दार उघडं असलं तरी वर्गणी न् बैठक चुकवून चालत नाही.

जिंदाबाद!